माह्या मापाची पाणगाडी

पोळा जवळ आला का माहे गुडघे दुखाले लागतात. डॉक्टर म्हणते, वात हाये, थोडं तूप-तेल खात जा. शोभा म्हणते, वात नाई, आळस हाये. शोभा म्हणजे माही बायको. दोघंही बरोबर असतीन. पण माह्या गुडघ्याची गोष्ट थोडी येगळी हाये. यायच्या मापाचे दुसरे दोन गुडघे समुद्रावर फिरून आले, अन् मी अजून समुद्र पाह्यला नाई. राहतो समुद्रपूर तालुक्यात. हसा, मीही हसतो.

हे मी बोलून राह्यलो अन् शोभा लिहून राह्यली. ती सातवी पास हाये, मी दुसरीतून पळालो. जिथं तिले माहं बोलणं पटत नाई तिथं ती पेन खाली ठेवते अन् माह्याकडे पाह्यते. मंग मले खरं सांगा लागते.

आज सकाळी जाम गावच्या चौकात गेलतो. हायवेच्या दोन्ही अंगाले पोळ्याची दुकानं लागली. झुला, घुंगरं, गोंडे, बेगड, बांबूले टांगलेले नवेकोरे कासरे. बैलं कमी झाले आता, ट्रॅक्टर वाढले, पण दुकानं तेवढीच राह्यली. लोकं ट्रॅक्टरलेही गोंडे बांधतात. मधातून ट्रकं जाऊन राह्यले, चिखल उडून राह्यला, बाजूच्या वावरात कपाशीची पऱ्हाटी कमरेले आली. एका दुकानदारानं शिंगं रंगवाच्या ऑइलपेंटचा डबा खोलला, अन् त्या वासानं मले बकोटीले धरून माह्याच जुन्या शेडमधी नेऊन बसवलं. नाकाले साल समजत नाई.

ते शेड चौकाच्या थोडं पुढं, हिंगणघाटच्या बाजूनं. चारी बाजूनं टिना, वरतंही टिना. फायबरचं काम मी नव्वदच्या साली नागपूरले शिकलो, एका कूलरच्या कारखान्यात. शिकलो म्हणजे, मालकानं हाकलून देल्लं तवा जेवढं येत होतं तेवढं घेऊन आलो. काम सोपं हाये. साच्यात कापड अंथराचं, त्याले रेझिन नावाचा चिकट रस पाजाचा, वाळलं का कापडाचा दगड होते. मी कूलरचे टप करो, ट्रकचे बंपर करो. माहा पहिला टप असा गळे का घेणाऱ्यानं त्यात माती भरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरला. एक बंपर तं हिंगणघाट यायच्या आधीच ट्रकच्या पुढं निघून गेला.

म्हून विलास जवा म्हणे का पाण्यावरची सगळ्यात जोरदार गाडी बनवाले मी तुह्याकडे आलो, तवाच मले समजाले पायजे होतं.

विलास माहा लहानपणचा दोस्त. त्याच्या बापाची जाममधी आडत, कापूस, चना, तूर. आमी दोघं एकाच आंब्यावरून पडलो, एकाच मास्तरचा मार खाल्ला. फरक एवढाच का मी शाळेतून घराकडे पळालो अन् तो शिकत शिकत गोव्यापर्यंत पोचला. गोव्यात पाण्यावरच्या मोटरसायकली असतात. खालून पाणी ओढते, मागून जोरानं फेकते, अन् त्याच्या धक्क्यानं पुढं पळते. विलास तिथं त्या गाड्या दुरुस्त करे. मले त्यानं समजावून सांगतलं तवा मी म्हटलं, हे तं आपल्या बैलासारखंच झालं, तोंडानं पेते अन् मागून...

शोभानं पेन खाली ठेवला. बरं, पुढं जातो.

दोन हजारच्या नंतरची गोष्ट हाये, लोकाच्या हातात मोबाईल नवे नवे आलते. उन्हाळ्याचे दिवस, डांबर चपलेले चिपकून राह्यलं होतं, अन् विलास टेम्पोतून उतरला. संगं एक जुन्या पाणगाडीचं इंजिन अन् काळ्या कापडाचा एक तागा. कार्बनचं कापड, म्हणे. काळं, पण असं काळं का उन्हात धरलं तं त्यातून सापाच्या अंगासारखी चमक सरके. आमचा सारा भाग कापसाचा. कापड दिसलं का हात आपोआप जाते. बाजूच्या वावरातले नागोराव आले, अंगठा अन् बोटाच्या मधात चोळून पाह्यलं.

"कापूस कोणता हाये बे याचा?"

"काका, कापूस नोय. कोळशाचा धागा समजा," विलास म्हणे.

"कोळशाचं कापड घालून कोण हिंडते?"

"घालाचं नाई काका. याची गाडी कराची. लोखंडाहून मजबूत, अन् दोन माणसं उचलून नेतीन एवढी हलकी."

नागोरावनं कापड सोडलं अन् बोटं धोतराले पुसले. "मंग चोर पहिले तेच नेईन," म्हणे.

म्हातारा उगाच बोलून गेला. मी तवा सगळ्यात जास्त हसलो.

शोभानं त्यातला एक तुकडा ब्लाउजले मागतला. विलासनं देल्ला नाई, म्हणे वहिनी, खाजन. खाज तं मले सुटली, त्या दिवसापासून. फायबरची कूस अंगाले लागली का माणूस झाडाले पाठ घासते, म्हशीसारखी. पण ते दिवस आठवले का खाज आठवत नाई, ऊन आठवते. शेडच्या टिना अशा तापत का आत गेलं का श्वास बाहेरच राहून जाये. विलासले तेच पायजे होतं. कार्बनचं रेझिन पक्कं व्हाले भट्टी लागते, अन् माहं शेड फुकटची भट्टी होती. मले तो म्हणे, "गज्या, गोव्यात कारागीर लय भेटतात, पण मी तुह्यासाठी आलो." मी ते ऐकलं अन् दोन दिवस कोणाशी नीट बोललो नाई, एवढा फुगलो.

पहिले थर्माकोल अन् पुट्टीचा आकार केला. मंग तो घासाचा. पाणपेपर घ्याचा, पाणी मारत राह्याचं, घासत राह्याचं, आरशासारखा होईपर्यंत. मी एवढं घासलं का माह्या बोटाच्या रेषा गेल्या. सोसायटीत अंगठा लावाले गेलो तं कागदावर नुसता काळा गोळा उमटला. सेक्रेटरी म्हणे, "गजानन, तू हायेस का नाई हेच समजून नाई राह्यलं." अंगठ्यावर जगणाऱ्या माणसाचा अंगठाच कोरा. त्या आकारावरून फायबरचा साचा काढला, अन् मंग साच्यात ते काळं कापड. पहिला तुकडा साच्यालेच चिपकला. मेण लावलं होतं मी, लावून पुसाचं असते ते विसरलो. ठोकून ठोकून काढला तं त्याचे दोन झाले. कोणी दुसरा असता तं मले शेडबाहेर काढलं असतं, अन् शेड माहं हाये तरी मी निघालो असतो. विलास फक्त म्हणे, "होते बे. पुन्हा करू." मी घरी येऊन शोभाले सांगतलं का दोस्त असावा तं असा.

दुसऱ्या खेपेले कापडावर प्लास्टिक झाकलं, अन् जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरनं आतली हवा ओढली. ते मले अजून दिसते. प्लास्टिक हळूहळू आत जाते, सुरकुत्या पडतात, अन् मंग कापडाले असं धरते जसं लेकरू मायले धरते. आमी दोघं घामानं निथळत बाजूले उभे. बाहेर नागपूर-हैदराबादचे ट्रकं वाजून राह्यलेले, अन् आत कोणी बोलत नाई. काम करताना जे गप्प बसणं असते ना दोन माणसाचं, ते मी नंतर कोणासंगं बसलो नाई.

दुपारचं जेवण विलासच्या घरून. त्याच्या आईले मी काकू म्हणतो. दुकानाच्या मागं स्वयंपाकघर, थंड फरशी, अन् काकू समोर बसून वाढे. भाकर सोडून पोळी, पोळीवर तूप, वरणावर तूप, भातात गड्डा करून त्यात तूप. "काय पाखरावाणी खातं बाप्पा," म्हणे, अन् अजून ओते. माही माय मी लहान असताना गेली. मले वाढून कोणी समोर बसलं असं त्याच्या आधी झालं नोतं. शोभा वाढते, पण ती समोर बसत नाई, ती म्हणते मले कामं हायेत. मी हाडकुळा माणूस, शर्टात वारा भरला का पतंग. श्रावण लागेपर्यंत माह्या पँटीचं हूक लागणं बंद झालं.

अन् दर बाजाराच्या दिवशी विलास मले काट्यावर उभा करे. आडतीचा काटा, ज्याच्यावर कापसाचे गठोडे ठेवतात त्याच्यावर. म्हणे गाडीचा तोल साधाचा असते, बसणाऱ्याचं वजन पायजे. एकीकडे तुरीचं पोतं उतरे, दुसरीकडे मी चढो. हमाल म्हणे, "विलासभाऊ, हा कोणत्या ग्रेडचा?"

शोभानं तवाच म्हटलं होतं. "अवो, दर बाजाराले तोलते तो तुमाले. विकाचं हाये का?"

मी म्हटलं, "मले घेईन कोण?"

ती म्हणे, "तेच मीही पाहून राह्यली."

अन् मंग बूड ओतलं त्या दिवसाची गोष्ट. या गाडीची सीट साधी नसते. लाटेवर गाडी उडते, तवा माणूस मांड्याच्या अन् गुडघ्याच्या जोरावर टिकते. म्हून बसणाऱ्याच्या बुडाचं, मांडीचं, गुडघ्याचं पुरं माप घेऊन, त्याच्यावरच सीट बेतली जाते. विलासनं मले प्लास्टिकच्या पिशवीवर बसवलं, पुढं वाकवलं, हातात खाटेचा पाय देल्ला हँडल म्हून, अन् पिशवीत फुगणारा फोम ओतला.

"हालू नको गज्या. जसा बसशीन तशी गाडी होईन."

"मंग थोडं रुबाबात बसू का?"

"तोंडाचा साचा नाई घेऊन राह्यलो बे."

फोम फुगला, गरम झाला, अन् माह्या बुडाखाली पिशवी फाटली. बाकी तुमाले समजलं असन. सीट निघाली, पण तिच्यातला अर्धा हात जाडीचा तुकडा माह्या पँटीलेच राह्यला, अन् पँट मले. संध्याकाळची एसटी पकडून तसाच घरी निघालो. बसाची गरज नोती, बसता येतही नोतं. कंडक्टर मागून पुढून पाहून म्हणे, "भाऊ, सीट घरूनच आणली का?" पुरी गाडी हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, पुन्हा ओतला. दोन्ही गुडघ्याची साल निघाली. विलास म्हणे, "पाह्य, तुह्या मापाची गाडी होऊन राह्यली. तिच्यावर पहिले तूच बसजो."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. कोणी मिठाई घेऊन येते तसं. जेवताना पाटावर मी पुढं वाकून बसो, दोन्ही हातात दोन वाट्या धरून. शोभा म्हणे, उलटी होऊन राह्यली का. तिले काय माईत, मी धरणाच्या मधात होतो अन् पाणी दोन्ही बाजूनं भिंतीसारखं उभं राह्यलं होतं. पोहता मले येत नाई. पण जी गाडी आपल्या गुडघ्यावर ओतली ती आपल्याले पडू देईन का, असा माहा हिशोब.

ठरलं असं का पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी लाल नाल्याच्या धरणावर न्याची. त्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असते, लेकरं लाकडाचे बैल घेऊन हिंडतात, मोठी माणसं मोकळी असतात. मी साऱ्याले आवतन देत सुटलो. नागोरावले, पंचरवाल्याले, सोसायटीच्या सेक्रेटरीले, त्या कंडक्टरलेसुद्धा. सगळ्याले एकच सांगो, या, गज्या पाण्यावर पळणार हाये.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. नागोराव माह्या शेडच्या बाजूलेच बैलं बांधत. त्या दिवशी त्यायनं दोघायले धुतलं, हळद अन् तूप कालवलं, पळसाच्या पानानं खांद्यावर चोळून राह्यले होते. जिथं वर्षभर जू घासते तिथं कातडं चपटं अन् काळं पडते, तिथं म्हातारा हळूहळू तूप जिरवे अन् बैलाच्या कानाशी म्हणे, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैल डोळे मिटून उभा. मी शेडच्या दारात बसून पाहून राह्यलो होतो अन् मले वाटलं, काय सुख हाये. आत माही गाडी तयार. काळी, ओली दिसणारी, कोरडी असूनही. मी तिच्यावर कोणाले बोट लावू देल्लं नाई, अन् मीही बसलो नाई. म्हटलं बसाचं तं पाण्यातच.

तेवढ्यात हायवेवरून एक मोठी गाडी वळली, मागं एक टेम्पो. साहेब उतरला.

मी पाह्यलं अन् मले वाटलं, मीच उतरलो. तोंड येगळं, चष्मा भारी, रंग उजळ. पण बाकी सारं तेच. खांदे तेवढे, पोट तेवढं, मांड्या तेवढ्या, गुडघे तेवढ्याच उंचीवर. जसा मीच, इस्त्री केलेला.

विलास पुढं झाला. "देखिए साहब, मैंने कहा था ना. बिलकुल आपका नाप."

"अच्छा, ये है वो?" साहेबानं चष्मा वर केला. "ज़रा घूमना, भाई."

मी घुमलो. मले घुमाले कोणी म्हटलं अन् मी घुमलो, हेच मले अजून समजत नाई.

साहेब आत गेला, गाडीवर टांग टाकली, बसला. माह्या गुडघ्याच्या खोबणीत त्याचे गुडघे जाऊन बसले, आवाजसुद्धा झाला नाई. "वाह. वजन भी मिला दिया?"

"पूरे मौसम घी खिलाया, साहब," विलास म्हणे.

दोघं हसले. मीही हसलो. सवय हाये मले, कोणी हसलं का पहिले हसून घेतो, मंग पाह्यतो कायवर हसलो. या खेपेले समजाले टाइम लागला नाई. साहेबानं मले बाजूले उभं करून फोटोही काढला, दोघं एकसारखे, एक गाडीवर, एक जमिनीवर.

टेम्पोत गाडी चढवाले एक माणूस कमी पडत होता. मी हात लावला. खरंच हलकी होती.

दोर बांधता बांधता मी इचारलं, "विलास, पहिले मी बसणार होतो ना बे?"

"बसलाच तं. सगळ्यात पहिले तूच बसला. तुह्याच बुडावर बनली."

"पाण्यात, विलास. पाण्यात."

"गिऱ्हाइकाची गाडी हाये गज्या. त्याच्या आधी कोणी पाण्यात घातली तं तो घेईन का? अन् तो मोठा माणूस, त्याले या भट्टीत आणून फोमवर बसवता येत होतं का? म्हून तू."

"मंग सांगाले काय झालं होतं?"

"सांगतलं असतं तं बसला असता का तू, गुडघे सोलून घेत?"

"बसलो असतो," मी म्हटलं. "तेच तं."

त्यानं दोराची गाठ ओढून पाह्यली. पक्की होती, मीच मारलेली. म्हणे, "आईनं उद्या जेवाले बोलावलं हाये, येजो." अन् टेम्पो हायवेले लागला. नागोराव तुपाचं पान हातात घेऊन तसेच उभे होते. मंग ते बैलाच्या दुसऱ्या खांद्याले लागले.

पोळ्याच्या दिवशी काकूकडे जेवाले गेलो. शोभा म्हणे नका जाऊ. पण मले पाह्याचं होतं. विलास घरी नोता, साहेबासंगं गोव्याले गेलता. तीच थंड फरशी, तेच ताट, पुरणाची पोळी. काकू समोर बसली. मी मधातच म्हटलं, "काकू, तुमाले माईत होतं का?"

"आधी जेव," ती म्हणे.

मी जेवलो. दुसरी पोळी वाढताना तिनं तुपाची वाटी उचलली, माह्याकडे पाह्यलं, अन् ठेवून देल्ली. म्हणे, "आता बस कर बाप्पा तूप. पोट कसं सुटलं पाह्य तुहं."

ती हसून म्हणे. मायेनंही म्हटलं असन. कोणतीही माय म्हणते असं. पण गाडी आदल्या दिवशी गेली अन् तूप दुसऱ्या दिवशी बंद झालं, हे माह्या डोक्यातून जात नाई. एवढ्या वर्षात मी ते वाक्य उलटून पालटून पाह्यलं, कापड पाह्यतात तसं, उजेडात धरून. आरपार काई दिसत नाई.

दुसऱ्या दिवशी धरणावर जाच लागलं. आवतन मी देल्लं होतं, लोकं ट्रॅक्टर भरून दारात उभे. काय सांगू? शेडमधी गाडीच्या पोटाचा साचा पडून होता, फायबरचा, जड, बैलाच्या पाण्याच्या नांदीसारखा. म्हटलं चला, गाडी नाई तं गाडीची माय. तो ट्रॉलीत टाकला. धरणावर वारा, किनाऱ्यावर साऱ्याच्या बायका-लेकरं, लेकराच्या हातात लाकडाचे बैल. साचा पाण्यात टाकला अन् मी आत बसलो. थाळी पकडली वल्हं म्हून.

तो पुढं गेलाच नाई. जाग्यावर घुमला. मी थाळी मारो अन् तो घुमे, पुन्हा मारो, पुन्हा घुमे. किनारा येई, लोकं हसताना दिसत, जाई, पुन्हा येई. कंडक्टर आलता, तो ओरडून म्हणे, "पुढं सरका भाऊ, पुढं सरका." चौथ्या का पाचव्या घुमण्यात तो उलटला. पाणी नाकात, कानात, तोंडात पुरणाची ढेकर. नागोरावनं कमरेचा कासरा फेकला, बैलासाठी आणलेला, कोरा, पिवळा. तो धरून मले लोकायनं बाहेर ओढलं. गळ्यात कासरा, अंगावरून पाणी निथळून राह्यलं, पोट सुटलेलं, चहूकडून माणसं पाठीवर थापा मारून राह्यलेले. शोभा म्हणे, तुमाले फक्त बेगड चिपकवाची बाकी होती. पुढच्या पोळ्याले तोरणाखाली लोकं झडत्या, म्हणजे टोमण्याची गाणी, म्हणतात ना, त्यात माह्यावर दोन झाल्या. मीच टाळ्या वाजवल्या.

लोकाले वाटते दगा म्हणजे पुढचं काईतरी जाते. पुढचं जाऊ द्या ना, पुढं माह्याजवळ होतं काय. दगा मागं जाते. तो मागच्या दिवसात शिरते अन् एकेक गोष्ट उचलून इचारते, हे खरं होतं का? विलास "होते बे, पुन्हा करू" म्हणे, ते खरं का मले टिकवून धराले? ते प्लास्टिक कापडाले चिपकताना आमी दोघं गप्प उभे होतो, तवा तो काय पाहून राह्यला होता? कापड, का मले? पाखरावाणी खातं म्हणे, ते? सारे दिवस हायेत तसेच हायेत, ऊन तेवढंच, घाम तेवढाच. फक्त ते कोणाचे होते ते समजत नाई.

विलासनं नंतर एक फोटो पाठवला, त्याच्या बापाच्या दुकानाच्या पत्त्यावर. समुद्र, निळा, अन् त्याच्यावर काळी गाडी हवेत उडालेली, साहेब पुढं वाकून. तोंड दिसत नाई, पाण्याचा फवारा हाये. गुडघे दिसतात, खोबणीत पक्के. मी तो चौकात साऱ्याले दाखवला. म्हटलं, हा मी. कोणी म्हणे, खरंच बे. शोभानं फोटो घेतला अन् डब्यात ठेवून देल्ला. तिनं तो फाडला का नाई मी इचारलं नाई.

शोभानं पेन खाली ठेवला. म्हणते, नाई फाडला.

पोटाचा साचा आता शेडसमोर असते, मातीत अर्धा गाडलेला. पोळ्याच्या दिवशी तोरणाकडे जाणारे बैलं त्याच्यात पाणी पेतात. चांगला साचा हाये, एक थेंब गळत नाई. आयुष्यात एकच टप मी न गळणारा केला. सीटचा साचा येगळा, तो शेडच्या माळ्यावर ठेवला हाये. पोळा आला का खाली काढतो, धुतो, कोंबडीनं घाण केली असते ती काढतो. यंदाही काढला, आज दुपारी. अन् काय सुचलं का आजूबाजूले कोणी नाई पाहून मी त्यात बसून पाह्यलं. पुढं वाकलो, हात पुढं केले.

ढिला. दोन्ही बाजूनं माहा पंजा आत जाते एवढा ढिला. ते तूप तं दोन-तीन वर्षातच उतरलं, मी पुन्हा होतो तसा झालो, शर्टात वारा भरणारा. माह्या बुडावर ओतलेला, माही कातडी सोलून काढलेला साचा, अन् मी त्यात असा डुगडुगतो जसं मोठ्या माणसाच्या चपलेत लेकराचं पाऊल. म्हणजे तवाही तो माहा नोताच. मी फक्त त्या साहेबाच्या मापाएवढा झालतो थोडे दिवस.

मी उठत होतो तं नागोराव दारात. आता लय म्हातारे झाले, काठी घेऊन चालतात, एकच जोडी ठेवली हाये हौसेनं. हातात हळदी-तुपाची वाटी, पळसाचं पान. बैलाचे खांदे शेकून आलते. मले त्या साच्यात वाकलेलं पाह्यलं त्यायनं. वाटी खाली ठेवली.

"गज्या, उद्या तूही जेवाले येजो."

"काऊन काका?"

"काऊन म्हणजे? पोळा हाये."

"पहिले काट्यावर उभं करसान का?"

म्हाताऱ्यानं मंग पळसाचं पान वाटीत बुडवलं, वाकला, अन् माह्या गुडघ्यावर घासलं. एका, मंग दुसऱ्या. हात खरबरीत, तूप कोमट. मी कुठं पाहू ते मले समजेना, तं मी हायवेकडे पाह्यलं.

जाईन उद्या. पोळी खाईन. तूप मात्र घेणार नाई.